वाजणे आणि वाजवणे

मुलीला शाळेतून गृहपाठ मिळाला होता, 'वाजणे' हे क्रियापद वापरून पाच वाक्ये लिहा. आम्ही कचेरीतून येऊन चहा घेत होतो. तिची चार वाक्ये झाली होती. घंटा वाजली, सात वाजले, थंडी वाजते, शेजाऱ्यांचे वाजले. पाचवे विचारायला ती आजोबांकडे गेली. "सनई वाजते असं लिहू?" म्हणाली. आमच्या वडिलांनी काही न बोलता वही मिटून ठेवली.

कारण आम्हाला ठाऊक होते. आमचे आजोबा कोकणात गावच्या खालुबाजात सनई वाजवीत. लग्न गावकऱ्यांचे, सनई आजोबांची, पण बसायचे मांडवाबाहेर. घसा सुकला तर पाणी वरून ओंजळीत. १९५६ साली बाबासाहेबांनी नागपूरला धम्मदीक्षा दिली आणि आमच्या वाडीने बाजा बंद केला. आजोबांची सनई पुढे मुंबईला आली ती ट्रंकेत, आणि ट्रंक गेली पोटमाळ्यावर.

त्या रात्री आम्ही शब्दकोश काढून बसलो. कारकुनाला आकड्यांची सवय, पण या शब्दाने आम्हाला झोपू दिले नाही. संस्कृतात 'वद्' म्हणजे बोलणे. त्याचेच प्रयोजक रूप 'वादयति', म्हणजे बोलायला लावणे. पालीतही 'वादेति' म्हणजे वाद्य वाजवणे. वाद्य म्हणजे ज्याला बोलते केले ते. प्राकृतातून झिजत झिजत ते आपल्या तोंडी 'वाजणे' झाले. आता पाहा, वाद्याला बोलते करणाऱ्या माणसालाच गावात वर मान करून बोलायची सोय नव्हती!

'नावाजणे' हा शब्दही आम्ही इतके दिवस नाव वाजणे असाच समजत होतो. तो निघाला फारसी. तिकडे एकाच धातूचे दोन अर्थ, वाद्य वाजवणे आणि मायेने कुरवाळणे. म्हणून सनईवादकाला उर्दूत शहनाईनवाज म्हणतात. आमच्या आजोबांना नुसते 'वाजप्या' म्हणत.

केशवसुतांच्या 'तुतारी' (१८९३) कवितेत क्रियापद फुंकण्याचे आहे. तिथे वाजवणाऱ्याला कुणाचा हुकूम नाही, तो स्वतःहून तुतारी मागतो. भीमराव कर्डकांच्या जलशातही वाद्ये वाजली ती आपलेच म्हणणे सांगण्यासाठी.

हे सगळे आम्ही सकाळी वडिलांना सांगितले. ते ऐकत होते की नव्हते, कळले नाही. मग म्हणाले, "ट्रंक खाली घे."

सनईचे लाकूड शाबूत होते. पत्ती वाळून चिरली होती. मुलीने फुंकून पाहिले, नुसती हवा आली.

"रविवारी दुकानात विचारतो," आम्ही म्हणालो.

"दोन आण," वडील म्हणाले. "पहिली पोरीकडून मोडणार."