घरातली घटपर्णी

चातुर्मासात आमच्या घरी कांदाही उंबरठा ओलांडत नाही. अशा घरात गेल्या वर्षी मी घटपर्णीचे रोप आणले आणि देवघराच्या खिडकीत ठेवले. पानांच्या टोकाला लोंबणारे इवले घडे पाहून आई हरखली, पण त्यांत माशी पडते, बुडते आणि जिरते, हे कळताच म्हणाली, "हे पाप गॅलरीत ने आधी!"

मी रोपाची बाजू मांडली. "ती झाकण मिटून कुणाला पकडत नाही, आई. काठावरच्या मधाला भुलून किडा येतो आणि स्वतःच घसरतो."

"दारूच्या गुत्त्याचा मालकही असंच सांगतो," आई म्हणाली.

रोप गॅलरीत गेले. भारतात रानात वाढणारी घटपर्णी एकच, मेघालयातली. गारो लोक तिला 'मेमांग-कोक्सी', म्हणजे भुताची टोपली म्हणतात. तिला कायद्याचे संरक्षण आहे. माझे रोप रोपवाटिकेतले, संकरित.

त्याने अंग धरावे म्हणून मी हौसेने शेणखत घातले, नळाचे पाणी दिले. पाने वीतभर वाढली, पण एकाही टोकाला घडा धरेना. पुढे पानांच्या कडाही करपल्या. मग शोधाशोध केली तेव्हा कळले: हिच्या मूळच्या मातीत नत्राचा दुष्काळ, म्हणून ती ते किड्यांतून मिळवते. मुळांशी आयते खत आले की घडे धरणे मंदावते, आणि पाण्यातले क्षार साचून मुळे जळतात.

हे आईला सांगितले. बाबा गेल्यावर शिवणयंत्रावर तिने आम्हां तिघांना वाढवले होते. थोडा वेळ ती गप्प राहिली. मग म्हणाली, "म्हणजे खादाड नाही ती. गरिबाघरची आहे."

मी खतमाती धुऊन काढली आणि रोप शेवाळात व नारळाच्या सोडणात लावले. जूनमधल्या एका पहाटे गॅलरीत बादली वाजली. पाहतो तो आई पागोळ्यांखाली बादली सरकवत होती.

"तुझ्या त्या भुताच्या टोपलीसाठी," माझ्याकडे न बघता ती म्हणाली.

श्रावणात नव्या पानाच्या टोकाला सुपारीएवढा घडा धरला. तो आधी आईलाच दिसला.

आता कुंडी पुन्हा देवघराच्या खिडकीत आहे. चातुर्मास आईने तिला माफ केला आहे.