गुलाबी चेंडूची किक

स्नूकरच्या नियमांत खेळणाऱ्याला एक साधा हक्क आहे. आपली पाळी असताना वाजवी कारणानं चेंडू पुसून मागितला, तर पंचानं तो पुसून द्यायचा. हा हक्क मला एका स्पर्धेत नाकारला गेला. त्याला बराच काळ लोटला, पण तो विषय निघाला की आजही माझा आवाज चढतो. तेव्हा एकदा सगळं लिहूनच टाकतो.

आम्ही लोंढ्याचे. वडील रेल्वेत, त्यामुळे बदलीच्या गावी रेल्वे इन्स्टिट्यूटच्या जुन्या टेबलावर हात बसला. पुढे लोंढ्यालाच स्थायिक झालो आणि सुट्टीच्या दिवशी गाडी धरून खानापूर, देसूर करत बेळगावला खेळायला जाऊ लागलो. स्पर्धा ज्या क्लबात झाली त्याचं नाव घेत नाही. ऐन पावसाळ्यातली होती, एवढं मात्र महत्त्वाचं आहे.

टेबलावर नवं कापड चढवलं होतं. सुरुवातीलाच सेक्रेटरींनी सांगितलं, की स्वतःचा चॉक कोणी वापरायचा नाही, क्लबनं कडेला ठेवलेलाच घ्यायचा. कापडावर निळे डाग नकोत, हे कारण. कारण खोटं नव्हतं. पण माझ्या खिशात ट्रँगल कंपनीचा हिरवा चॉक होता, स्नूकरच्या कापडाचाच रंग. टेबल सांभाळणारा मार्कर बिचारा जवळ येऊन हळूच म्हणाला, "सर, आत ठेवा ते. साहेबांनी सांगितलंय, माझं काय चालतंय?" मी ठेवला.

चॉकवर एवढं काय अडतं, असं न खेळणाऱ्याला वाटेल. क्यूच्या टोकाची चामड्याची टिप चेंडूला भेटते ती सेकंदाच्या एक-दोन हजारांश भागापुरती. मधोमध मारायचं असेल तर चॉक नसला तरी निभतं. पण साइड म्हणजे बाजूची फिरकी द्यायची, स्क्रू करून पांढरा मागे ओढायचा, तर मध्य सोडून मारावं लागतं आणि मध्यापासून निम्म्या त्रिज्येच्या आसपास गेलं की टिप घसरायला लागते. तो मिसक्यू. घसरण रोखायला चॉक. ही वडी साध्या खडूची नसते. शिकागोचे खेळाडू विल्यम स्पिंक्स आणि रसायनतज्ज्ञ विल्यम हॉस्किन्स यांनी १८९७ साली तिचं पेटंट घेतलं. स्पिंक्सच्या हाती फ्रान्सहून एक खडा आला होता, तो त्याला फार आवडला. हॉस्किन्सनं तपासलं तर ती ज्वालामुखीची राख निघाली. मग दोघांनी सिलिका आणि कुरुंदासारखा कठीण पदार्थ मिसळून स्वतःची वडी बनवली. आजचे चॉक त्याच वाटेनं आलेले आहेत.

टिपेला चिकटलेला चॉक आघाताबरोबर पांढऱ्या चेंडूवरही उमटतो. तो ठिपका फिरत फिरत नेमका दोन चेंडूंच्या स्पर्शबिंदूवर आला, की चेंडू एकमेकांवरून सरकायच्या ऐवजी क्षणभर चिकटतात. पांढरा उडतो, समोरचा चेंडू हवा त्यापेक्षा जाड, म्हणजे जास्त मधोमध, लागल्यासारखा जातो. त्याला किक म्हणतात. किक बसली म्हणून शॉट पुन्हा खेळायला मिळत नाही, नियमात तशी सोयच नाही. म्हणून तर चेंडू पुसून मागायचा हक्क मोलाचा.

क्लबचा चॉक पावसानं सादळलेला होता. बोटानं दाबला तर भुकटी होण्याऐवजी लगदा व्हायचा. असला चॉक टिपेवर एकसारखा बसत नाही, गोळे धरतो, आणि ते गोळे चेंडूवर जातात. प्रत्येक शॉटनंतर पांढऱ्यावर हिरवा ठसा दिसत होता. समोरचा गडी त्याच क्लबचा सभासद. पहिल्या दोन फ्रेम आम्ही वाटून घेतल्या. तिसऱ्या, निर्णायक फ्रेममध्ये त्यानं जाकिटाच्या चुंबकाच्या क्लिपमधून स्वतःचा चॉक काढला. फिनलंडचा ताओम, बराच महाग असतो तो. चेंडूवर फार कमी खुणा सोडतो म्हणून कितीतरी व्यावसायिक खेळाडू ट्रँगल सोडून त्याच्याकडे वळले. मी पंचांकडे पाहिलं. पंचांनी पाहिलं, आणि ते स्कोअरबोर्डाकडे वळले.

तरीही मी बोललो नाही, कारण फ्रेम माझ्या हातात येत होती. टेबलावर निळा, गुलाबी, काळा. मी दहा गुणांनी मागे. निळा पाडला, फरक पाच. गुलाबी पाडला तर एकानं पुढे, आणि मग काळ्यावर निकाल. पांढरा थांबला तेव्हा त्याच्यावर मिरीएवढा हिरवा ठिपका मला स्पष्ट दिसत होता. पांढरा तिथून काळ्यासाठी घ्यायला साइड द्यावीच लागणार होती, म्हणजे ठिपका कुठे येईल याचा भरवसा नाही. मी म्हणालो, "पांढरा पुसून द्या." पंच म्हणाले, "खेळा हो, उशीर झालाय, अजून एक मॅच आहे." मी पुन्हा मागितलं. या वेळी त्यांनी उत्तरही दिलं नाही. प्रेक्षकांतून कुणीतरी म्हणालं, "सोडा की, एवढ्याशा ठिपक्यानं काय होतंय."

काय होतंय ते झालं. खट्ट असा वेगळाच आवाज आला, पांढरा जागच्या जागी उडाला, गुलाबी जाड गेला, पॉकेटच्या जबड्याला लागून तोंडाशी डुगडुगत उभा राहिला. समोरच्यानं तो अलगद पाडला आणि मागोमाग काळा. टाळ्या झाल्या. ज्यानं मला हरवलं तो ठसा माझ्याच टिपेनं उमटवला होता, आणि माझ्या टिपेवर तो चॉक लावायला मला भाग पाडलं होतं! हे कुणाला सांगायचं? पंच पुढच्या मॅचच्या नावांची चिठ्ठी वाचायला लागले होते.

आपल्याकडे म्हणतात, हा साहेबांचा खेळ. जन्म जबलपूरच्या लष्करी मेसमध्ये, १८७५ साली, नेव्हिल चेंबरलेन नावाच्या तरुण अधिकाऱ्याच्या हातून. आणि नियम उटीच्या क्लबात १८८२ साली लिहून लावले गेले. म्हणजे नियम लिहून सगळ्यांना दिसतील असे लावायचे, ही रीत जवळजवळ खेळाइतकीच जुनी. मग चॉकचा नियम सभासदाला एक आणि लोंढ्याहून गाडीनं आलेल्याला दुसरा कसा?

नव्या पोरांना मी सांगतो, की महाग चॉकच्या नादी लागू नका. आधी टिप नीट घासून गोल करा, चॉक वडीत भोक पडेपर्यंत फिरवू नका, ब्रशसारखा हलक्या हातानं लावा, आणि लावून झाल्यावर टिपेकडे एकदा बघा. पावसात वडी घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा, औषधाच्या बाटलीतली सिलिकाची पुडी टाका. लोंढ्याच्या हवेत एवढं केलं नाही तर ताओमसुद्धा महिनाभरात सादळेल. स्वस्तातल्या वडीनं उत्तम खेळता येतं.

पण मी स्वतः मात्र आता ताओमच वापरतो. एकदा फिनलंडहून आलेल्या माणसाकडून घेतला, तेव्हापासून सुटला नाही. पांढऱ्यावर खुणा खरोखर कमी दिसतात.

तरीही आता मला असंही वाटतं, की त्या सेक्रेटरींचा नियम योग्यच होता. छोट्या स्पर्धेत सगळ्यांनी एकाच चॉकवर खेळावं. खानापुरातून, निपाणीतून येणाऱ्या पोराच्या खिशात एवढा महाग चॉक नसतो, त्यानं समोरच्याच्या क्लिपकडे बघत का खेळावं? फक्त तो चॉक कोरडा हवा, तो सभासदालाही लागू हवा, आणि पंचाच्या खिशात एक स्वच्छ फडका हवा. एवढंच मी त्या क्लबला पत्रानं कळवलं होतं. उत्तर आलं नाही. यंदाच्या प्रवेश अर्जावर चॉकचा नियम पुन्हा छापलेला आहे, चेंडू पुसण्याबद्दल एक अक्षर नाही. मी अर्ज भरला आहे. या वेळी पंचांनी चेंडू पुसून दिला नाही, तर क्यू टेबलावर ठेवून सेक्रेटरींना बोलवायचं, ते येईपर्यंत शॉट मारायचा नाही, हे ठरवूनच जाणार आहे.