पत्रा आधी, इंजिन मग

पुण्यात एमजी म्हटलं की लोकांना हेक्टर आठवते, गुजरातेतल्या हालोलला बनणारी उंच, चौकोनी गाडी. मी ज्या एमजीबद्दल लिहितोय ती टप लावूनही जेमतेम छातीपर्यंत येते. एमजीबी. दोन माणसं, कापडी टप आणि मागे पिशव्यांपुरती जागा. १९६२ पासून १९८० च्या ऑक्टोबरपर्यंत ऑक्सफर्डजवळच्या ॲबिंग्डनला ती बनत होती. कापडी टपाच्या आणि पक्क्या छताच्या मिळून पाच लाखांहून जास्त गाड्या निघाल्या. इतक्या निघाल्या म्हणून तर इंग्लंडमधल्या पगारदार माणसाला ती घरच्या गॅरेजात जोडायला घेता येते. त्याच काळातली जॅग्वार ई-टाइप घ्यायची तर आधी घर विकायला काढावं लागेल.

*

जाहिरातीत पहिल्याच ओळीत ‘इंजिन उत्तम’ असलं की मी आधी दाराखाली वाकतो.

*

दाराखाली पुढच्या चाकापासून मागच्या चाकापर्यंत जी पत्र्याची पोकळ पेटी जाते, ती सिल. या गाडीला वेगळी चासी नाही. डोक्यावर छप्पर नसल्यामुळे सगळा भार या दोन पेट्यांवर आणि मधल्या बोगद्यावर. आणि गंज धरतो तो नेमका तिथेच. पुढचं चाक चिखल उडवतं, तो मडगार्डच्या आत एका पत्र्याने अडवायचा असतो. त्या पत्र्याचं रबर कुजलं की चिखल आणि हिवाळ्यात रस्त्यावर टाकलेलं मीठ थेट सिलच्या तोंडाशी साचतं. खालची पाणी जायची भोकं बुजतात. पुढचं काम इंग्लंडची हवा करते.

बाहेरून सगळं चकाचक दिसतं. कारण कुजलेल्या सिलवर नवा पत्रा टेकवून चार टाके मारायचे, वर पुट्टी, वर रंग, ही इंग्लंडमधली जुनी लबाडी. खरं काम करायचं तर पुढचं मडगार्ड उतरवावं लागतं (ते बोल्टांवर आहे, ही कृपा), मागच्या मडगार्डचा खालचा भाग कापावा लागतो, आणि मग बाहेरचा पत्रा, मधला उभा पत्रा, खालची घडीची पट्टी, असे तिन्ही थर बदलावे लागतात. हे पाहिलेल्या माणसाला विकणाऱ्याची ‘नवीन सिल बसवलेत’ ही ओळ वाचून आनंद होत नाही.

*

सिल कापण्याआधी दाराच्या चौकटीत लोखंडी आडवा टेकू वेल्ड करून घ्यायचा. गाडीचं वजन तिच्या सस्पेन्शनवरच ठेवायचं, मधे कुठेतरी उचलायचं नाही. आणि एका वेळी एकच बाजू. झाकण काढलेल्या पुठ्ठ्याच्या खोक्याची एक भिंत कापली की तो जसा मुरडतो, तशी ही बॉडी मुरडते. नवीन पत्रा त्या मुरडलेल्या मापातच पक्का झाला की दार जन्मात नीट लागत नाही. म्हणून नवखा माणूसही वेल्डिंग करण्याआधी आणि केल्यावर दार लावून बघतो. फट वर बारीक आणि खाली रुंद दिसली की हात थांबवायचा.

*

पुट्टी ओळखायला लोहचुंबक फिरवतात. चांगली युक्ती आहे. फक्त सुरुवातीच्या एमजीबीचं बॉनेट ॲल्युमिनियमचं होतं, तिथे चुंबक चिकटला नाही म्हणून मालकाशी भांडू नये.

*

१९७५ साली जुन्या गाड्यांच्या सुट्या भागांसाठी ब्रिटिश मोटर हेरिटेज ही कंपनी उभी राहिली. पुढे तिने जुनेच साचे शोधून काढले आणि १९८८ पासून एमजीबीची आख्खी कोरी बॉडी विकायला काढली. कारखाना बंद पडून आठ वर्षं झालेली, आणि बॉडी मात्र नवी! त्याच बॉडीच्या जोरावर १९९२ मध्ये रोव्हरने आठ सिलिंडरची आरव्ही-८ आणली. त्यातल्या बहुतेक जपानला गेल्या.

कमी पैशात काम करणाऱ्याने ही बॉडी डोळे भरून पाहावी आणि पुढे जावं. तिच्या किमतीत चालती गाडी येते. पण सुटे पत्रेही मिळतात, आणि आपला हिशेब त्यावरच चालतो.

*

माझ्या एमजीबीचं इंजिन सुरू झालं त्या संध्याकाळी कोल्हापूरला मामांना व्हिडिओ कॉल केला. त्यांचं आयुष्य गॅरेजात, अँबॅसडर खोलण्यात गेलेलं. फोन इंजिनाजवळ धरायला सांगितला, टॅपेटची टकटक ऐकली, मग बॉनेटमध्ये डोकावल्यासारखं करून म्हणाले, “आरं, हे तर आमच्या अँबॅसडरचंच की!”

मामांचं बरोबर आहे. ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशनच्या बी-सिरीजचं हे घराणं. अँबॅसडरमध्ये १४८९ सीसी, एमजीबीमध्ये १७९८. दोन्हींचा स्ट्रोक एकच, ८८.९ मिलिमीटर. वाढवला तो बोअर, ७३ वरून ८० च्या पुढे. पंचाण्णव हॉर्सपॉवर देणारं हे स्पोर्ट्स कारचं इंजिन मुळात टॅक्सी ओढणाऱ्याचं सख्खं भावंड. म्हणून तर ते परवडतं. ओतीव लोखंड, साधी रचना, सगळं हाताला लागतं.

“मामा, रिंगा बदलू का?” म्हटलं तर म्हणाले, “आधी कॉम्प्रेशन बघ. उगीच कशाला खोलतोस?”

*

क्लच बदलायला इंजिन काढावंच लागतं. तेव्हा इंजिन कशासाठीही बाहेर आलं, की जुना क्लच कितीही धडधाकट दिसो, नवा घाला.

*

जॉन हेन्स १९३८ साली सिलोनमधल्या चहाच्या मळ्यावर जन्मला. हवाई दलात एडनला असताना एका सहकाऱ्याची ऑस्टिन-हीली स्प्राइट जोडायला मदत केली, तेव्हा ध्यानात आलं की कंपनीचं पुस्तक साध्या मालकाच्या कामाचं नाही. गाडी खोलत फोटो काढत जायचे आणि तेच छापायचे, अशी त्याची पद्धत. १९६६ साली पहिलं हेन्स मॅन्युअल आलं, ते स्प्राइटचंच. घरी गाडी जोडणाऱ्यांवर या माणसाचे उपकार कुठल्याही मोटार कंपनीपेक्षा जास्त आहेत. एकच तक्रार. खोलणं फोटोंसकट सांगतात आणि ‘जोडताना उलट क्रम’ म्हणून एका ओळीत उरकतात. गंजलेला बोल्ट तुटला तर उलट क्रम कुठला?

*

लुकासच्या वायरिंगची इंग्लंडमध्ये भरपूर चेष्टा होते. मला ती अन्यायाची वाटते. रंगांची भाषा एकदा कळली की हे वायरिंग आजच्या गाडीपेक्षा सोपं. तपकिरी म्हणजे कायम चालू, पांढरी म्हणजे चावी फिरवल्यावर, हिरवी तीच पण फ्यूजमधून, काळी अर्थ. दहातले नऊ बिघाड अर्थच्या गंजलेल्या टोकाशी निघतात. पॉलिश पेपर घ्या, घासा. १९६७ पर्यंतच्या गाड्यांत मात्र बॅटरीची धन बाजू अर्थला असते. तिथे आजचा रेडिओ सरळ जोडला तर धूर.

पेट्रोलचा एसयू पंप मागच्या बाजूला टिकटिक करतो. टिकटिक थांबली तर अनुभवी मालक गाडीखाली हात घालून त्याला हलकी टपली देतो. पंप चालू. मग पॉइंट साफ करायचं ठरतं, आणि राहून जातं.

*

ब्रिटनमध्ये शिसं असलेलं पेट्रोल १९९९ अखेर गेलं. जुन्या हेडच्या एक्झॉस्ट व्हॉल्व्हला त्या शिशाचा आधार होता. हेड उतरलंच असेल तर कडक सीट बसवून घ्या. आणि २०२१ पासून साध्या पेट्रोलमध्ये दहा टक्क्यांपर्यंत इथेनॉल. ते जुन्या रबरी नळीला खातं. नळ्यांचे पैसे वाचवू नयेत. आग स्वस्त नसते.

*

घरी करू नये असं एक काम म्हणजे टू-पॅक रंग. त्यात आयसोसायनेट असतं, आणि साधा मास्क त्यापुढे काही कामाचा नाही. घासणं, प्रायमर, पुन्हा घासणं घरी. शेवटचा हात रंगाऱ्याकडे. बोअरिंग आणि क्रँक घासणं मशीन शॉपला. बाकी सगळं आपलं. आणि नुसत्या जॅकवरच्या गाडीखाली कुणीही, कितीही घाई असली तरी, जायचं नाही.

*

ब्रिटनमध्ये गाडी चाळीस वर्षांची झाली की मालक अर्ज करून रस्ता-करातून सुटतो, आणि मूळ रूप फार बदललं नसेल तर वार्षिक तपासणीही सुटते. मग ती रोज ऑफिसला न्या. आपल्याकडे २०२१ च्या नियमांनी पन्नास वर्षांवरच्या गाडीला ‘व्हीए’ नोंदणी दिली: नव्या नोंदणीला २०,००० रुपये, नूतनीकरणाला ५,०००. पण रोज चालवायला बंदी; रॅली, प्रदर्शन, पेट्रोल भरणं, दुरुस्ती एवढंच. न चालणारी गाडी लवकर सडते, हे नियम करणाऱ्यांना कुणी सांगायला हवं होतं.

*

महाराष्ट्रात एमजीबी शोधत बसू नका. मद्रासला बनलेली स्टँडर्ड हेरल्ड शोधा. इंग्लंडच्या ट्रायम्फ स्पिटफायर या स्पोर्ट्स कारची चासी हेरल्डच्याच चासीवरून, लांबी कमी करून केलेली आहे. पुढच्या सस्पेन्शनचे बरेच भाग आजही इंग्लंडमधल्या दुकानांत नवे मिळतात. शिवाय हेरल्डची बॉडी बोल्टांनी वेगळ्या चासीवर बसवलेली, घरच्या अंगणात सुटी करता येते. आजोळच्या गोठ्यात एखादी उभी असेल तर भंगारवाल्याला हाक मारण्याआधी खाली सतरंजी टाका, चासीला हातोडीचा हलका ठोका द्या. आवाज खणखणीत आला तर कागदपत्रं शोधायला लागा.