कोळीवाड्यातील डॉक्टर

व्हिएतनामच्या पूर्व किनाऱ्यावर न्हा-त्रांग नावाचे शहर आहे. आज ते मोठे व गजबजलेले आहे. परंतु सव्वाशे वर्षांपूर्वी तेथे कोळ्यांची एक गरीब वस्तीच काय ती होती. नदी समुद्राला मिळते तेथे वाळूवर त्यांच्या झोपड्या होत्या आणि त्या झोपड्यांजवळ एक चौकोनी, भक्कम घर उभे होते. कोणाचे मूल तापाने फणफणले, कोणाची जखम चिघळली, की माणसे त्या घराची वाट धरीत. आत एक अबोल गोरा डॉक्टर राहत असे. तो रोग्याला तपासी, औषध देई आणि मोबदला म्हणून काहीही घेत नसे.

या डॉक्टरांचे नाव अलेक्सांद्र येर्सिन. त्यांचा जन्म १८६३ साली स्वित्झर्लंडमध्ये झाला. पॅरिसला पाश्चर यांच्या संस्थेत त्यांनी घटसर्पाच्या विषावर मोलाचे संशोधन केले. कीर्तीचा राजमार्ग समोर मोकळा होता. परंतु १८९० साली ते सारे सोडून हा तरुण बोटीवरचा डॉक्टर म्हणून पूर्वेकडे निघाला आणि पुढच्याच वर्षी न्हा-त्रांगच्या किनाऱ्यावर उतरला. तेथील समुद्र, डोंगर आणि साधीभोळी माणसे त्याच्या मनात घर करून राहिली.

वैद्यकीचा धंदा करणे येर्सिन यांना कधी रुचलेच नाही. आजाऱ्याकडे पैसे मागणे म्हणजे वाटसरूला अडवून पैसा किंवा प्राण मागण्यासारखे आहे, अशा आशयाचे विचार त्यांनी आपल्या आईला पत्रातून कळविले होते. रोगी दारी येतो तो गरजेपोटी. त्याच्या गरजेची किंमत कशी करावी, हा त्यांच्यापुढील प्रश्न होता.

१८९४ साली हाँगकाँगमध्ये प्लेगची भयंकर साथ आली. येर्सिन तेथे गेले. मोठ्या इस्पितळाची दारे त्यांच्यासाठी सहजी उघडली नाहीत; तेव्हा त्यांनी एक गवती झोपडी उभारली आणि सूक्ष्मदर्शक घेऊन ते तीत कामाला बसले. याच झोपडीत त्यांनी प्लेगचा जंतू शोधून काढला. मेलेल्या उंदरांतही तोच जंतू असतो, हेही त्यांच्या ध्यानात आले. आज त्या जंतूला त्यांचेच नाव आहे.

रोगाचे कारण कळले. आता त्यावर उपाय हवा होता. न्हा-त्रांगला परतून १८९५ साली त्यांनी एक लहानशी प्रयोगशाळा थाटली आणि घोड्यांच्या रक्तापासून प्लेगविरोधी सीरम तयार करण्याचे काम आरंभिले. १८९६ साली चीनमध्ये त्या सीरमने काही रोगी वाचले. पुढच्या वर्षी ते सीरम घेऊन येर्सिन मुंबईस आले.

मुंबईत तेव्हा प्लेगने हाहाकार उडविला होता. त्याच १८९७ सालच्या मार्च महिन्यात, पुण्याजवळ प्लेगच्या रोग्यांची शुश्रूषा करता करता सावित्रीबाई फुले यांनी देह ठेवला. येर्सिन मुंबईत रोग्यांना सीरम टोचीत होते. परंतु चीनमध्ये आलेले यश येथे आले नाही. सीरम दुर्बळ ठरले, रोगी दगावत राहिले. जगाने ज्यांना प्लेगचा शत्रू म्हणून गौरविले होते, त्यांच्यापाशी त्या माणसांना वाचविण्याइतके बळ नव्हते. येर्सिन यांनी अपयशाला सबबींचे पांघरूण घातले नाही. ते न्हा-त्रांगला परतले व पुन्हा कामास लागले.

प्रयोगशाळेला पैसा लागे. त्यासाठी १८९९ साली जवळच्या सुओई दाऊ येथे त्यांनी रबराची झाडे लावली. रबराच्या उत्पन्नातून संस्थेचा खर्च चालू लागला. पुढे हिवतापावरील क्विनाईन देशातच तयार व्हावे म्हणून होन बा डोंगरावर त्यांनी सिंकोनाची रोपे लावली. पहिल्या प्रयत्नात ती नीट वाढली नाहीत, तेव्हा त्यांनी दुसरी जमीन पाहिली.

देशावर तेव्हा फ्रेंचांचे राज्य होते. राज्यकर्त्यांच्या मेळ्यातील माणसाशी लोक अंतर राखून वागत. येर्सिन यांच्याशी मात्र त्यांनी नाते जोडले. लष्करी डॉक्टरांच्या बाहीवरील पाच पट्ट्यांवरून त्यांना ‘ओंग नम’ असे नाव मिळाले. ‘नम’ म्हणजे पाच आणि ‘ओंग’ हे वडीलधाऱ्याला लावायचे आदराचे संबोधन. कोळ्यांची मुले त्यांच्या घरी निःशंकपणे चित्रे पाहावयास जात.

समुद्राचे वादळ हा त्या वस्तीचा जुना वैरी. येर्सिन हवेचा दाब मोजीत, आकाश निरखीत आणि वादळाची चिन्हे दिसताच कोळ्यांना सावध करीत. झोपड्या उडून जातील असा वारा सुटला, की बायकामुले व म्हातारीकोतारी त्यांच्या पक्क्या घरात आसरा घेत. औषध देणारा डॉक्टर अशा रात्री शेजारी होई. दूर देशाहून येऊन सेवा करणारे पुष्कळ असतात; काम संपले की ते आपापल्या घरी परततात. येर्सिन यांनी त्या कोळीवाड्यालाच आपले घर मानले. तेथील माणसांचा विश्वास त्यांना लाभला, तो यामुळेच.

१ मार्च १९४३ रोजी न्हा-त्रांगच्या त्याच घरी त्यांचे निधन झाले. अंत्यविधी साधेपणाने व्हावा, भाषणे होऊ नयेत, सुओई दाऊच्या मातीतच आपल्याला पुरावे, असे त्यांनी लिहून ठेवले होते. जुन्या नोकरांच्या निर्वाहाची तरतूद करण्यासही ते विसरले नव्हते.

पुढे त्या देशाने दीर्घ युद्धे पाहिली. फ्रेंचांचे राज्य गेले, रस्त्यांना दिलेली परक्यांची बहुतेक नावेही पुसली गेली. येर्सिन यांचे नाव मात्र लोकांनी राखले. सुओई दाऊच्या टेकडीवरील त्यांच्या समाधीपाशी आजही लोक उदबत्ती लावून हात जोडतात. प्लेगच्या जंतूचा शोध हा त्यांच्या कीर्तीचा आधार खरा. पण उदबत्ती लावणारा हात कृतज्ञतेने जोडला जातो, तो वादळी रात्री उघड्या राहिलेल्या त्या दाराला.