समुद्राचा फेस

आई अलीकडे विसरू लागली आहे. चहा पिऊन झाल्यावर चहाची वाट पाहते. नातवाला आपल्या धाकट्या भावाच्या नावाने हाक मारते. गिरगावातली खोली सोडून आम्ही भाईंदरला आलो, त्याला बारा वर्षे झाली. तरी दिवेलागण झाली, की "चला, आता घरी जाऊ या" म्हणते. त्यामुळे ती काही विचित्र बोलली, की सौभाग्यवती माझ्याकडे पाहते, मी तिच्याकडे पाहतो, आणि विषय तिथेच मिटतो. ही आमची नजरानजर किती अन्यायाची होती, हे मला एका पांढऱ्या तुकड्याने शिकवले.

गेल्या मार्गशीर्षात एका रविवारी आईला घेऊन आम्ही उत्तनला गेलो होतो. इमारती मागे पडल्या, मिठागरे मागे पडली आणि बांबूंवर वाळणाऱ्या बोंबलांच्या वासाने सांगितले, की उत्तन आले. आम्ही वाळूत बसून डबा सोडतो आहोत, तोच आई ओल्या वाळूतून चार पावले चालून आली, ती पदराखाली काहीतरी झाकूनच. वीतभर लांब, होडीसारखी निमुळती, पांढरीशुभ्र वस्तू. हातात घेतली तर वजनच नाही! एक बाजू टणक, दुसरी खडूसारखी भुसभुशीत.

"काय गं हे, आई?"

"समुद्राचा फेस," आई म्हणाली.

झाली नजरानजर!

घरी आल्यावर संशोधन सुरू झाले. सौभाग्यवतीच्या मते तो गणपतीच्या मखराचा थर्माकोल होता. शेजारच्या गृहस्थांनी हळूच दार लावून घेतले आणि सांगितले, "देवमाशाची उलटी! कोटींचा माल आहे." आमच्या दहावीतल्या चिरंजीवांनी लगेच सुई तापवून टोचली. ती उलटी असती, तर मेणासारखी वितळली असती. हा तुकडा ढिम्म! शिवाय १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने त्या उलटीचा व्यापार हा गुन्हा ठरतो, हे कळल्यावर शेजाऱ्यांना घरी काहीतरी काम आठवले.

मग चिरंजीवांनी त्यावर लिंबू पिळले. फसफसून फेस आला!

"फेसच आहे म्हटलं ना मी!" आई म्हणाली.

आम्ही पोट धरधरून हसलो. आई हसली नाही. तिने तो तुकडा पुसला आणि आपल्या उशाशी ठेवला.

दोन दिवसांनी दारावर कोळीण आली. तिने पाटी उतरता उतरताच सांगितले, "माकुलाचं हाड हाय ह्ये!" मग चिरंजीवांनी पुस्तके काढली. माकूळ हा मासा नव्हेच. गोगलगाईच्या नात्यातला जीव. त्याला तीन हृदये, निळे रक्त आणि शत्रूवर सोडायला शाई. त्याच्या पाठीत हे हाड असते. त्यात कागदासारखे पातळ कप्पे असतात; त्यांतले पाणी आणि वायू कमीजास्त करून तो पाण्यात वर-खाली होतो. माकूळ मेला, की देह जातो आणि हलके हाड तरंगत किनाऱ्याला लागते. ते घडते चुन्याच्या द्रव्याचे, म्हणून लिंबाने फसफसते. कोडे सुटले.

पण मला चैन पडेना. आईला 'फेस' कुठून सुचला? शेवटी तो तुकडा घेऊन मी काष्ठौषधींच्या दुकानात गेलो. दुकानदाराने चष्माही न सावरता सांगितले, "समुद्रफेन. समुद्राचा फेस वाळून होतो, असं जुन्या लोकांना वाटायचं."

मी जवळजवळ धावतच घरी आलो. आईला 'समुद्रफेन' म्हटले मात्र, तिचा चेहरा उजळला. "मग मी काय म्हणत होते? बाबांच्या औषधांच्या फडताळात असायचा. कुणाचा कान वाहत असला, की मलाच सहाणेवर उगाळायला बसवायचे. हात पांढरे व्हायचे आणि आई ओरडायची."

माझे आजोबा वैद्यकी करत, एवढे मला ठाऊक होते. पण सहाणेपुढे बसलेली, हात पांढरे झालेली ती परकरी मुलगी मला आजवर कधी भेटली नव्हती. आम्ही त्या तुकड्याला सुई टोचली, लिंबू पिळले, कोळणीला विचारले, दुकानदाराला विचारले. जिने तो आणला, तिला मात्र "फेस म्हणजे काय गं?" एवढे विचारायचे कुणालाच सुचले नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी आईने तोच तुकडा हातात घेऊन विचारले, "हे कुणी आणलंय?" तेव्हा तिचे सगळेच विसरणे खोटे, असे मी म्हणणार नाही. पण आमच्या घरातली नजरानजर त्या दिवसापासून बंद झाली.

पुढे वैशाखात एका संध्याकाळी आई गॅलरीतून आत येऊन म्हणाली, "खाली घोडा उभा आहे."

सौभाग्यवतीने माझ्याकडे पाहिले नाही. मीही तिच्याकडे पाहिले नाही. मुकाट्याने चपला घातल्या आणि तीन जिने उतरून खाली गेलो.

मागच्या इमारतीत लग्न होते. फाटकाशी जरीची झूल घातलेला पांढरा घोडा नवरदेवाची वाट पाहत उभा होता.