नऊ वारांचा नाताळ

वसई म्हटलं की तुम्हाला काय आठवतं? इतिहासाच्या पुस्तकातला धडा! १७३९ सालच्या मे महिन्यात चिमाजीअप्पांनी पोर्तुगिजांकडून वसईचा किल्ला जिंकून घेतला. अगदी बरोबर! पण आज मी तुम्हाला किल्ल्यात नेणार नाहीये. त्याच वसईतल्या एका छोट्याशा फ्लॅटमध्ये, आणि त्यातल्याही एका एवढ्याशा कोपऱ्यात नेणार आहे.

विरार लोकलने वसई रोडला उतरायचं आणि पश्चिमेकडे जाणारी बस धरायची. स्टेशनची गर्दी मागे पडली की केळीच्या आणि नारळीच्या वाड्या दिसायला लागतात. डिसेंबरात तर या रस्त्यावरून जाताना मजाच येते. घराघरांवर तारे लटकत असतात. बांबूच्या काड्यांचा सांगाडा आणि त्यावर पतंगाचा कागद. दिवाळीतल्या आकाशकंदिलाचे सख्खे भाऊच म्हणा ना!

इथं १५३४ पासून १७३९ पर्यंत, म्हणजे दोनशे पाच वर्षं पोर्तुगिजांचा अंमल होता. ते गेले, पण पाव, बटाटा, चावी हे त्यांचे शब्द आपल्याकडे राहिले. 'नाताळ' हा शब्दसुद्धा त्यांचाच. इथले बरेच ख्रिस्ती लोक घरात सामवेदी, वाडवळी अशा मराठीच्याच गोड बोली बोलतात.

गेल्या नाताळात माझ्या मैत्रिणीने मला आणि माझ्या मुलीला चार दिवस राहायला बोलावलं होतं. पूर्वी तिचं घर वाडीत होतं. मोठा ओटा, पुढे अंगण, अंगणात नाताळचा गोठा. पण घराच्या वाटण्या झाल्या आणि हे सगळे दुसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये राहायला आले. इथला त्यांचा हा पहिलाच नाताळ.

जेवणाची जागा म्हणजे स्वयंपाकघर आणि बाहेरची खोली यांच्यामधला कोपरा. भिंतीला टेकवलेलं चार फूट बाय तीन फुटांचं टेबल, की संपली जागा! मैत्रिणीच्या सासूबाई, म्हणजे मुलांची आजी, दोन दिवस धुसफुसत होत्या. "इथं कसला आलाय नाताळ? पाय ठेवायला जागा नाही, गोठा काय डोक्यावर मांडू?" असं म्हणून त्या खोलीत जाऊन बसल्या, त्या बाहेरच येईनात.

थोरल्या नातवाने आणि धाकट्या नातीने मात्र हार मानली नाही. त्यांनी बाजारातून झिरमिळ्या, चमकीचे गोळे, फुगे, घंटा असं बरंच काही आणलं आणि सगळं त्या कोपऱ्यात टांगलं. थोड्या वेळाने दोघं लांब उभी राहून बघायला लागली.

"ई! हे तर दुकान वाटतंय," धाकटी म्हणाली.

मैत्रीण हसली. "जागा लहान असली ना, की एकच नक्षी घ्यायची आणि बाकी सगळं साधं ठेवायचं. नाहीतर डोळ्यांनी बसायचं कुठं?" सगळं उतरवलं गेलं. मग तिने पेटीतून एक घडी काढली. आजींचं जुनं नऊवारी लुगडं! तांबडं, त्यावर पांढऱ्या-पिवळ्या रेघांचे बारीक चौकडे. धुऊन धुऊन अगदी मऊ झालेलं. ते टेबलावर टाकलं मात्र, थंडीत शेकोटी पेटवावी तसा तो कोपरा उबदार दिसायला लागला.

"फार मोठं आहे, कापू या," म्हणत थोरल्याने कात्री उचलली.

"खबरदार!"

दारात आजी उभ्या होत्या. कोणीच बोलेना. आजी आल्या, लुगड्यावरून हात फिरवत म्हणाल्या, "लग्नानंतरच्या पहिल्या नाताळला नेसले होते हे. तुझ्या बापाला याच्याच झोळीत झोपवलाय. याला कात्री?"

मैत्रीण गप्पकन घडी घालायला लागली. तिचा चेहरा उतरला होता. आजींनी एकदा टेबलाकडे पाहिलं, एकदा भिंतीकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "थांब. लुगडं कापून नेसतात का? निऱ्या घालतात ना? मग तसंच करा की!"

आता तुम्हीच हिशेब करा. नऊ वार म्हणजे सत्तावीस फूट. दुहेरी केलं तर साडेतेरा. दीड फूट टेबलाच्या पुढे लोंबतं सोडलं, तीन फूट टेबलावर, सहा फूट मागच्या भिंतीवर. उरलेल्या तीन फुटांच्या आजींनी वरच्या दांडीवर निऱ्या घातल्या. कात्री तशीच राहिली!

मग आजींनी मुलांना एक कोडं घातलं. "दोन रंगांचं सूत घेतलं, तर चौकड्यात रंग किती दिसतील?" मुलं म्हणाली दोन. चूक! तांबडा ताणा आणि तांबडा बाणा भेटला की तांबडं, पांढऱ्याला पांढरा भेटला की पांढरं, आणि तांबड्याला पांढरा भेटला की लांबून गुलाबी दिसतं. दोन रंगांत तिसरा फुकट!

तुम्ही कार्यानुभवाच्या तासाला कागदाची चटई विणली असेल. तेच तंत्र वापरून डेन्मार्कमध्ये नाताळला कागदी हृदयं विणतात. तिथे जपून ठेवलेलं सर्वांत जुनं हृदय १८६० सालचं आहे आणि ते केलंय कोणी? 'कुरूप बदकाचं पिल्लू' लिहिणाऱ्या हॅन्स अँडरसनने! माझ्या मुलीने आणि धाकटीने लाल-पांढऱ्या कागदाची सहा हृदयं विणली. भिंतीवर तेवढीच लावली.

थोरला सायकल मारत जुन्या वाडीत गेला आणि लालपत्तीची फांदी घेऊन आला. हे झाड मूळचं मेक्सिकोचं. आपण ज्यांना त्याची लाल फुलं म्हणतो ती खरं तर पानं असतात. खरी फुलं मधोमध, पिवळी, इवलीशी. हिवाळ्यात रात्री लांबल्या की ही पानं रंगतात. फांदी तोडल्यावर पांढरा चीक येतो, त्याने अंग चुरचुरतं. म्हणून आजींनी त्याला आधी हात धुवायला पाठवलं.

राहिला गोठा. इटलीत ग्रेचो गावी संत फ्रान्सिसने १२२३ साली खरा बैल, खरं गाढव आणून नाताळचा देखावा केला होता. आमचा गोठा बुटाच्या खोक्यात झाला! खिडकीच्या कट्ट्यावर खोका, आत गवत आणि पुढे वाटीत पेरलेल्या गव्हाचं हिरवंगार शेत. गव्हाणी रिकामीच ठेवली, कारण बाळ येशू चोवीस तारखेच्या रात्रीच ठेवायचा असतो. मेणबत्ती आजींनी कापडापासून लांब, काचेच्या पेल्यात ठेवायला लावली.

मध्यरात्रीची मिस्सा आटोपून आम्ही आलो. आजींनी बाळ येशूला गव्हाणीत ठेवलं आणि सात जण त्या टेबलाभोवती दाटीवाटीने बसलो. गुडघ्याला गुडघे लागत होते. आणि नको तेच झालं. थोरल्याच्या हातून रस्सा सांडला, तो नेमका लुगड्यावर!

सगळे श्वास रोखून आजींकडे बघायला लागले. आजींनी ओल्या फडक्याने डाग टिपला. मग बाजूची घडी उलटून दाखवली. तिथे एक पुसट, पिवळसर डाग होता.

"हा तुझ्या बापाने पाडलेला," त्या म्हणाल्या. "आता त्याला सोबत झाली. बस, जेव पोटभर."