ज्याच्या त्याच्या घरी

कामाचा पहिला दिवस आपण फार जपतो. धुतलेला सदरा घालतो, देवाला नमस्कार करतो, घरातून वेळेआधी निघतो. शेवटच्या दिवसाची मात्र कोणी अशी तयारी करीत नाही. तो आपला आपण संपतो, असेच मला पुष्कळ दिवस वाटत असे.

1968 सालची उन्हाळ्याची सुटी. कॉलेजचे पहिले वर्ष नुकतेच आटोपले होते. पुण्याच्या नारायण पेठेतल्या एका लहानशा छापखान्यात महिना 40 रुपयांवर मला काम मिळाले. लग्नसराईमुळे पत्रिकांची गर्दी उसळली होती. माझे काम एकच. छापून झालेला मजकूर सोडायचा. म्हणजे शिशाचा एकेक खिळा सुटा करून केशीतल्या त्याच्या खणात परत टाकायचा. इंग्रजीचे दोन केशींत भागते. आमच्याकडे मराठीला चार लागत. काना, वेलांटी, रफार, अर्धी अक्षरे, प्रत्येकाला वेगळे घर. त्यातून ‘श्री’चा तर सदा दुष्काळ. एका घरचे लग्न सोडावे, तेव्हा दुसऱ्या घरचे जुळायचे!

जुळणीला एक म्हातारे काका होते. दृष्टी अधू झाली होती. पण अंधारातही नेमकी काडेपेटी उचलणाऱ्या आजीसारखा त्यांचा हात खणांवरून फिरे. खिळ्याच्या अंगावरची खाच बोटाला लागली, की तो सुलटा की उलटा हे त्यांना कळे. अक्षराच्या तोंडाकडे ते पाहतच नसत. ज्या खणातून उचलले, ते त्या खणाचेच असणार, हा त्यांचा विश्वास. आणि तो खण भरणारा मी!

7 जूनला माझा शेवटचा दिवस होता. मृग दारात उभा, आभाळ भरून आलेले, कोपऱ्यावर मित्र खोळंबलेले. दोन पत्रिका सोडायच्या राहिल्या होत्या. ‘भ’ कुठे, ‘म’ कुठे, कोण पाहतो? मुठी भरभरून मी खिळे खणांत लोटून दिले. मालकांनी पगार हातावर ठेवला, वर पेढा दिला. “पोरगा कामाचा आहे. पुढच्या सुटीत अवश्य ये हो!” म्हणाले. मी तरंगतच घरी आलो.

रात्री पाऊस कोसळू लागला आणि माझी झोप उडाली. कौलांवर वाजणारा एकेक थेंब मला खणात पडणाऱ्या चुकीच्या खिळ्यासारखा वाटू लागला.

सकाळी छापखान्यात गेलो, तो मालकांचा आवाज बाहेर रस्त्यावर ऐकू येत होता. त्यांच्या हातात ओले प्रूफ होते, आणि त्यावर ठळक अक्षरांत ‘शुमविवाह’!

“दिसत नसेल तर घरी बसा आता,” मालक म्हणत होते. काका मान खाली घालून उभे होते. चूक कोणाची हे त्यांना कळले नसेल असे नाही. पण ते एक शब्द बोलले नाहीत.

“चूक काकांची नाही. काल घाईत मी खण कालवले,” मी दारातूनच म्हणालो. स्वतःचा आवाज मला परका वाटला.

मालकांनी माझ्याकडे नुसते पाहिले आणि ते आत निघून गेले. मी केशीपुढे बसलो. खण उपसले, उलट्या अक्षरांवर डोळे ताणून ‘भ’मधून ‘म’ आणि ‘ध’मधून ‘घ’ वेचले. संध्याकाळी बोटे काळी झाली होती आणि मान वळत नव्हती. काकांनी आठ-दहा खणांतले खिळे उचलून डोळ्यांजवळ धरून पाहिले. मग म्हणाले,

“जा आता. तुझं काम आज संपलं.”

‘पुढच्या सुटीत ये’ हे मालक पुन्हा म्हणाले नाहीत. त्या दिवसाची मजुरीही नव्हती, पेढाही नव्हता. तरी त्या संध्याकाळी भिजत घरी जाताना मला जे हलके वाटले, ते आदल्या दिवशीच्या शाबासकीने वाटले नव्हते.

शिशाचे ते खिळे आता वितळून गेले. संगणकावर ‘श्री’ कधी संपत नाही आणि कोणाला खणात परत टाकावीही लागत नाही. पण एखादे काम हातावेगळे करून उठताना माझा हात अजून क्षणभर थांबतो. आपल्यामागून इथे कोणीतरी न पाहता हात घालणार आहे, हे आठवते. मग मी पुन्हा खाली बसतो.